चटका न कळणारा हात

ज्यांच्या अंगावर एखादा फिकट चट्टा आहे आणि जे तो पदराखाली नाहीतर बाहीखाली झाकून हिंडताहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचायला माझी हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर हात धुवायला उठू नका. हात धुवायला उठणारा माणूस मला पाठमोरासुद्धा ओळखू येतो.

मी सातवीपर्यंत शिकलेली. माहेर फैजपूरजवळचं, केळीच्या बागांमधलं. सासर जळगावचं. घरात चार माणसं: मी, डाळ मिलमध्ये कामाला असणारे आमचे हे, आमची रेखा आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणत असे. गोष्ट नव्वद सालाच्या आगेमागे घडली. रेखा तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती.

खापर

आमच्या खानदेशात पुरणपोळी पोळपाटावर लाटतात ती रोजची, पाहुण्यापुरती. खरी पोळी खापरावरची, तिला मांडा म्हणतात. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालायचं. ते तापलं की पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर खेळवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि अलगद खापरावर पसरायचा. मध्ये एक बोट चुकलं की भोक पडतं आणि पुरण खापराला चिकटतं. नवी सून घरात आली की तिचा रंग, तिचं शिक्षण, तिने आणलेली भांडी सगळं बाजूला राहतं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या बायका तिच्या हाताकडे बघत बसतात.

माझा हात चांगला होता. हे मीच सांगते, कारण तेव्हा जे सांगत फिरायचे ते नंतर गप्प झाले. लग्नघरांतून मला बोलावणं यायचं. अक्का मिरवायच्या. स्वतःच्या लेकाबद्दल त्यांनी कधी चांगला शब्द काढला नाही, पण सुनेच्या हाताबद्दल बोलायला लागल्या की समोरचीचा चहा गार व्हायचा.

खापराशी बसणाऱ्या बाईला चटके बसतातच. आमच्याकडे असं मानतात, की वर्षानुवर्षं खापराशी बसलं की हात 'बसतो' आणि मग खापर चटका देत नाही. ज्या आखाजीला मी खापराची तापलेली कड नुसत्या हाताने धरून सरळ केली आणि मला काहीच झालं नाही, त्या दिवशी बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या. अक्कांनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. म्हणाल्या, "आते हात बसना इना." मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं धूर खाल्ला, त्याचं काहीतरी पदरात पडलं असं वाटलं.

आता विचार केला की अंगावर काटा येतो. कोणी एक जणही म्हणालं नाही, की अगं, चटका बसायला हवा होता.

नस

त्याच उन्हाळ्यात उजव्या हाताची करंगळी वाकडी राहायला लागली. मग तिच्या शेजारचं बोट. पाणी घेतलं की ओंजळीतून गळून जायचं. रेखाची वेणी घालताना पेड सुटायचे. कोपराच्या थोडं खाली एक फिकट चट्टा होता, पण तो शिब्याचा असावा असं म्हणून आम्ही सोडून दिला होता. चट्टा दुखत नव्हता, खाजत नव्हता. जे दुखत नाही त्याकडे बाईमाणसाने बघायचं तरी कधी?

अक्कांनी निदान केलं: नस आखडली. मग आमच्या घरात 'नस' हा शब्द फार चालायला लागला. सकाळी उठल्यावर ह्यांनी विचारायचं, नस कशी आहे. शेजारणीने विचारायचं, नस मोकळी झाली का. त्या शब्दामागे दुसरा एखादा शब्द असेल अशी शंका कोणाला आली होती की नाही, मला माहीत नाही. मला आली होती. माझ्या माहेरच्या गावाबाहेर एक माणूस झोपडी करून राहायचा, त्याचे हात मी लहानपणी पाहिले होते. म्हणून तर मी 'नस' हा शब्द घट्ट धरून बसले.

साक्रीकडच्या डोंगरात राहणारे एक नाना झाडपाल्याची औषधं देत. ते बाजाराच्या दिवशी साक्रीला येऊन बसायचे. अक्कांच्या बहिणीचा गुडघा त्यांनीच बरा केला होता, म्हणून अक्का मला घेऊन धुळ्यावरून पुढे साक्रीला गेल्या. नाना म्हातारे, अंगाने वाळलेले, बोलायला फार गोड. त्यांनी माझी दोन बोटं ओढून बघितली, सोडली, पुन्हा ओढली. म्हणाले, "नस झोपेल शे, पोरी. जागी करनी पडी." मी चट्टा दाखवला नाही. त्यांनी विचारला नाही, आणि हात पुढे करताना अक्कांनी माझी बाही खाली ओढली होती.

त्यांनी दिलं ते असं: मालकांगोणीचं तेल चोळायला, आस्कंदाचं, म्हणजे अश्वगंधेचं, चूर्ण दुधातून घ्यायला, आणि निर्गुडीचा पाला उकळून त्याच्या पोटलीने शेक. ती औषधं वाईट होती असं मी म्हणणार नाही. आस्कंदाने मला झोप लागायला लागली, आणि मला झोपेची फार गरज होती. तेलाने हाताची कातडी मऊ झाली. आम्हाला वाटायचं गुण येतोय. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडी धरलेल्या माणसाला ती काडी वाटत नाही हो, त्याला तो ओंडकाच वाटतो.

अक्कांनी त्या औषधाला वाहून घेतलं. निर्गुडी आणायला त्या स्वतः उन्हातून नदीकडे जायच्या. दुपारची कामं आटपली की माझा हात मांडीवर घेऊन बसायच्या आणि बोट न् बोट चोळायच्या. माझ्या आईने मला इतकं कधी चोळलं नसेल. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि देवाला म्हणायचे, हिच्यासाठी तरी हात सरळ कर.

मला एकच भीती होती. बोटं वाकडी राहतील ही नव्हे. भीती ही होती, की तो दुसरा शब्द बाहेर आला तर माझ्या हातचं कोणी खाणार नाही. माझी रेखासुद्धा.

शेक

गुण येईना तेव्हा अक्कांनी शेक वाढवला. त्यांचं साधं गणित: नस झोपली आहे, हाक मारून उठत नाही, तर जरा जोरात मारायची.

एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर बसून बोलत होतो. ह्यांच्या चुलतभावाचं लग्न ठरत होतं, मांडे करायला मला बोलावतील की नाही यावर बोलणं चाललं होतं. निर्गुडीची पोटली माझ्या तळहाताच्या कडेवर ठेवलेली होती. अक्का स्वतः ती चिमट्याने धरायच्या, त्यांच्या बोटांना ती सोसत नव्हती. माझ्या हाताला सोसत होती. हे दोघींच्याही डोळ्यांसमोर होतं आणि दोघींनाही दिसलं नाही.

बोलता बोलता अक्कांनी पोटली उचलली आणि तिच्या फडक्याबरोबर माझी कातडी निघाली.

मी बघत राहिले. तळहाताची कड, करंगळीचं मूळ, सगळं लालपांढरं झालेलं, आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एखाद्या परक्या बाईचा हात माझ्या मांडीवर कोणी आणून ठेवावा तसं. अक्का मात्र किंचाळल्या. जणू भाजला त्यांचाच हात. पोटली लांब फेकून त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि थोड्या वेळाने मला विचारलं, "तुले काहीच समजनं नही?"

मी नाही म्हणाले. त्या उठून आत गेल्या आणि देवासमोर बसल्या. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनाही तो दुसरा शब्द कळला.

डोळे मिटा

हे मला जळगावातल्याच एका डॉक्टरकडे घेऊन गेले. भाजल्याचं दाखवायला म्हणून गेलो होतो. डॉक्टरांनी जखम बघितली, धुतली, आणि मग विचारलं की भाजत असताना हात मागे का घेतला नाही. त्यांनी बाही वर करायला सांगितली.

कापसाची वात घेऊन ते म्हणाले, डोळे मिटा आणि जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. मी डोळे मिटले. लागलं, ठेवलं. लागलं, ठेवलं. मग काहीच लागेना. मला वाटलं ते मध्येच थांबले असतील, कोणी आलं असेल. मी मुकाट वाट बघत बसले. शेवटी डोळे उघडले तर कापूस त्या चट्ट्यावरच होता, आणि हे माझ्याकडे बघत होते. ह्यांचं तोंड मी लग्नानंतर इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी कोपराच्या मागे बोटाने चाचपलं. तिथली नस दोरीसारखी जाड लागत होती. त्यांनी ह्यांनाही चाचपून बघायला सांगितलं. ह्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. पाठीवरही चट्टे होते, ते मला कधी दिसायचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांनी शब्द सांगितला. कुष्ठरोग. अगदी साध्या आवाजात, सर्दी म्हणावं तसा. ह्यांनी विचारलं, "याला दुसरं काही नाव नाही का?"

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, नाव कुठलंही ठेवा, गोळ्या त्याच आहेत आणि गोळ्यांनी हा रोग बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की कोणाला लागतही नाही. मी बोटांचं विचारलं. म्हणाले, रोग जाईल, पण मेलेली नस परत येईल असं मी सांगणार नाही. लवकर आला असतात तर. ह्यांनी सांगितलं की झाडपाल्याचं चालू होतं, नसेचं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला रडायला निमित्त मिळालं असतं.

दवाखान्यातून बाहेर आल्यावर ह्यांनी रिक्षा केली. मी आत बसले आणि हे पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या जागेवर टेकले. मागे माझ्याशेजारी जागा होती.

धुळं

जखम चिघळली होती आणि नसेला सूज होती, म्हणून भरती व्हावं लागणार होतं. जळगावात सोय होती. पण जळगावात ओळखीची माणसंही होती, म्हणून ह्यांनी धुळ्याचा दवाखाना निवडला. गल्लीत सांगितलं, संधिवात आहे. एसटीत एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि खिडकीबाहेर बघताना माझ्या मनात एकच होतं, की रेखाला मी निघताना जवळ घेतलं नाही. अक्कांनी तिला आधीच शेजारी खेळायला पाठवलं होतं.

वॉर्डात पहिले काही दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गोळ्यांनी लघवी लाल झाली तेव्हा वाटलं, आतून सगळं सडून वाहतंय. नर्सने हसून सांगितलं की औषधाचा रंग आहे. पुढे अंगही काळवंडत गेलं. सुजेच्या गोळ्यांनी तोंड फुगलं आणि भूक अशी लागायची की लाज वाटावी. मरावंसं वाटत होतं आणि भाकरी मात्र दोन लागत होत्या. नस ठणकायला लागली की कोपरापासून मनगटापर्यंत करवत चालल्यासारखं व्हायचं. गंमत बघा, ज्या हाताला आग कळत नव्हती त्याला ही कळ बरोबर कळायची.

सकाळी ड्रेसिंग, मग हात पाण्यात भिजवून तेल, मग बोटं सरळ धरणारी प्लास्टरची पट्टी बांधायची. पहिल्यांदा तेल लावायला सांगितलं तेव्हा मी चिडले. म्हटलं, आधी तेलच तर लावत होतो. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी समजावलं की हे नसेसाठी नव्हे, कातडीसाठी. ज्या कातडीला घाम येत नाही ती कोरडी पडून फाटते, आणि फाटलेली कळत नाही. तेव्हा तेल खोटं नव्हतं. आम्ही त्याच्याकडून नको ते मागत होतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर जैतूनबी होत्या. मागावर काम करणाऱ्या घरातल्या, वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांची उजव्या हाताची चार बोटं अर्धीच उरली होती. मी आधी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. हो, मीही. मीसुद्धा तोंड फिरवून पाणी प्यायले आहे, मग मी लोकांना काय बोलू?

एक दिवस मी रडत होते तर त्या आपल्या खाटेवरून उठल्या, स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि कप मला दिला. बशी स्वतः घेतली. त्या कपाकडे मी बराच वेळ बघत राहिले. चहा गार होतोय असं त्यांनी खुणेने दाखवलं. मी प्यायले. दवाखान्यात आल्यापासून दुसऱ्या माणसाच्या भांड्यातून प्यायलेली ती पहिली गोष्ट.

त्यांनीच मला शिकवलं. म्हणाल्या, "हात कू अब आँख से पूछने का, बेटी. वो खुद नहीं बोलेगा." रोज दिवेलागणीच्या आधी आम्ही दोघी हात समोर धरून बसायचो आणि बघायचो, कुठे कापलं, कुठे फोड, कुठे लाल. त्यांच्या अर्ध्या बोटांवरून त्या असा अंगठा फिरवायच्या, की जसं पोराचं डोकं कुरवाळतात.

हे दर आठवड्याला यायचे. फळं आणायचे आणि दाराशी उभे राहायचे. मी रेखाचं विचारायचे. ती मजेत आहे म्हणायचे. एकदा मी म्हटलं, तिला आणा. ते खाली बघून म्हणाले, अक्का नको म्हणते. त्या दिवशी मी माझ्या हाताची पट्टी सोडून फेकून दिली. बोटं सरळ राहून करायचं काय, ती बोटं कोणाच्या तोंडात घास घालणार होती? संध्याकाळी जैतूनबींनी ती खाटेखालून शोधून काढली, पुसली आणि माझ्या हातावर पुन्हा बांधली. मी नको नको म्हणत होते आणि त्या बांधत होत्या.

घर

घरी आले तेव्हा माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा काढलेला होता. नवा कोरा होता. अक्कांनी मुद्दाम चांगला आणला होता, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. रेखा धावत आली, अर्ध्यावर थांबली आणि आजीकडे बघायला लागली. अक्कांनी मान फिरवली. मग ती आली. मी तिला डाव्या हाताने जवळ घेतलं.

गोळ्या चालूच होत्या. महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या नर्ससमोर डोस घ्यायचा, बाकीच्या घरी. आता माझ्यापासून कोणाला काही लागणार नाही, हे डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं, ह्यांनी अक्कांना सांगितलं होतं. पण मी चुलीकडे वळले की अक्का आडव्या यायच्या. म्हणायच्या, सरक, तुझा हात भाजेल.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं: विस्तवापासून जपा, गरम भांडं फडक्याशिवाय धरू नका. अक्कांच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या माझ्या हातासाठी आडव्या येत होत्या की माझ्या हातच्या अन्नाला, हे मला कळायला मार्ग नव्हता. आणि दुपारी त्याच अक्का माझा हात मांडीवर घेऊन तेल लावायच्या. पूर्वीसारखंच, बोट न् बोट. भाजल्याचा व्रण आला की त्यांचा अंगठा त्याला वळसा घालून जायचा. हात धरायला त्यांना भीती नव्हती. त्या हातचं खायला होती की काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आखाजी आली. खापर निघालं. मांडे करायला शेजारची सून बोलावली. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. तिच्या तीन पोळ्या फाटल्या, हे मला आवाजावरून कळलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. त्या आनंदाचीच मला नंतर इतकी शरम वाटली की मी दिवसभर जेवले नाही. जेवले नाही हे कोणाला कळलंही नाही, कारण माझं ताट वेगळंच होतं.

इथे थोडं थांबून, ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना सांगते. निर्गुडी घ्या, आस्कंद घ्या, तुमच्या आजीने सांगितलेलं तेल लावा, मी अडवणार नाही. पण आधी एक करा. डोळे मिटून कोणालातरी त्या चट्ट्यावर कापूस फिरवायला सांगा. कळला नाही तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. आणि ज्या हाताला थंड-गरम कळत नाही त्याला शेक कधीही देऊ नका, देणाऱ्याची माया कितीही असो. माझा रोग गेला. दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. मधला सगळा काळ आम्ही नसेला हाका मारत बसलो होतो.

लोणचं

मग एक दिवस माझ्या मनात आलं, की विस्तवाशिवाय जे होतं ते तर मी करू शकते. तिथे हात भाजायची सबब चालणार नाही.

कैऱ्यांचे दिवस होते. बाजारातून कैऱ्या फोडून आणल्या. मीठ, हळद, तिखट, मेथीची पूड, वरून कच्चं तेल. फोडणी नाही, चूल नाही. मी परातीत कैऱ्या घेतल्या आणि उजव्या हाताने कालवल्या. मुद्दाम उजव्या हाताने. आधी हात डोळ्यांनी नीट तपासला, कुठे चीर नव्हती. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचे ओठ दोनदा हलले.

रात्रीच्या जेवणाला मी स्वतः प्रत्येकाच्या ताटात एक एक फोड वाढली. ह्यांनी ताटाकडे बघितलं, मग आईकडे, मग फोड उचलली आणि भाकरीबरोबर खाल्ली. पटकन, औषध घ्यावं तशी. रेखाने चाटूनपुसून खाल्ली आणि दुसरी मागितली. ती मागितलेली फोड मी आयुष्यात विसरणार नाही.

अक्का म्हणाल्या, "आज मना उपास शे," आणि फोड ताटाच्या कडेला सारली. भाकरी मात्र खात होत्या.

ताटं उचलली, घासली, आणि मोरीपाशी बसून पोटभर रडले. आता आशा करण्यासारखं काही उरलं नाही असं वाटलं. ज्या बाईने माझ्यासाठी उन्हातान्हात निर्गुडी तोडली, तिनेच भाकरी खाता खाता उपास सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेखा शाळेत होती, हे कामावर. मी पडले होते. स्वयंपाकघरात बरणीचं झाकण वाजलं. उठून दाराशी गेले तर अक्का पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी बरणीतून एक फोड काढली, हातावर घेऊन बराच वेळ बघितली आणि तोंडात टाकली. चावली. डोळे मिटले होते. मग वळल्या तर समोर मी.

अक्कांनी घास गिळला.

"मीठ कमी शे," त्या म्हणाल्या.

मला रागही आला आणि हसूही. मी म्हटलं, नेहमीच्या मापानेच तर घातलं होतं, मूठभर. त्यांनी मिठाचं भांडं माझ्यासमोर सरकवलं, म्हणाल्या, घे बरं. मी उजव्या हाताने मूठ भरून वर उचलली. ती दोन वाकडी बोटं तळव्याला टेकतच नव्हती, आणि त्यांच्या फटीतून मीठ भुरूभुरू खाली पडत होतं. बरणीपर्यंत हात जाईस्तोवर निम्मंच राहिलं. मला ते कळलं नव्हतं. अक्कांनी बघितलं होतं.

त्यांनी माझ्या मुठीखाली आपला हात धरला. सांडलेलं मीठ त्यांच्या तळव्यावर जमलं, ते त्यांनी बरणीत टाकलं.

"तुनी मूठ गळस," त्या म्हणाल्या. "आते दीड मूठ धरत जाय."